सरळ ओढीची रायफल

घराच्या दाराला जी सरकती लोखंडी कडी असते तिच्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाहीं. कडी उघडतांना तिची मूठ प्रथम वर फिरवावी लागते आणि मग ती मागें सरकते. लावतांना ती पुढें ढकलून मूठ पुन्हां खालीं पाडावी लागते. ही शेवटची क्रिया राहून गेली तर दार लागलेलें दिसतें खरें, पण तें लागलेलें नसतें. दाराला दोनचार हादरे बसले कीं कडी आपोआप मागें येते. नेहमींच्या शिकारी रायफलीचा बोल्ट हा या कडीचाच सख्खा भाऊ होय. नळीच्या मागल्या तोंडाशीं पोलादाचा एक दांडा पुढेंमागें सरकतो, त्याला उजव्या बाजूस मूठ असते, आणि प्रत्येक बारानंतर शिकाऱ्याच्या हाताला चार हालचाली कराव्या लागतात. मूठ वर उचलणें, मागें ओढणें, पुढें ढकलणें आणि खालीं दाबणें, अशा या चार हालचाली होत.

परंतु अशीहि एक रायफल आहे कीं, तिच्या बोल्टाला या चारांपैकीं दोनच हालचाली पुरतात. मूठ सरळ मागें ओढली कीं रिकामी पुंगळी बाहेर पडते. सरळ पुढें ढकलली कीं नवें काडतूस आंत जाऊन बोल्ट बंद होतो. वर उचलणें नाहीं कीं खालीं दाबणें नाहीं. हिला सरळ ओढीची रायफल म्हणावें. वरवर पाहणाऱ्यास वाटेल, दोन हालचाली वांचल्या यांत एवढें तें काय? पण त्या दोन हालचाली वांचविण्यासाठीं यूरोप व अमेरिका येथील यंत्रकारांनीं शंभराहून अधिक वर्षें आपली बुद्धि झिजविली. कित्येकांना त्यांत यश आलें, आणि एका रायफलीच्या पायीं तर ऐन रणांगणांत सैनिकांचे प्राण संकटांत पडले.

या खटपटीचें कारण शिकारीच्या रानांत गेलें म्हणजे कळतें. जर्मनी, ऑस्ट्रिया व त्यांच्या शेजारच्या देशांत हिवाळ्यांत हांक्याची शिकार होते. हांकारे व कुत्रे रान उठवितात आणि शिकारी झाडींतल्या मोकळ्या पट्टीच्या कडेला ठरलेल्या जागीं उभे राहतात. रानडुक्कर एका झाडींतून निघून दुसऱ्या झाडींत शिरतें तेवढाच अवकाश मिळतो. दोनचार क्षणांत पट्टी पुन्हां रिकामी होते. पहिली गोळी वर्मीं लागली तर प्रश्नच नाहीं. पण ती पोटांत किंवा पायांत लागली तर जनावर जखमी होऊन रानांत नाहींसें होतें, आणि रात्रभर तळमळून मरतें. दुसरी गोळी तत्काळ झाडणें ही अशा वेळीं हौस राहत नाहीं, कर्तव्य होतें. नेहमींच्या बोल्टाची मूठ वर उचलतांना मनगट वळतें, त्याबरोबर नळी कलते, गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि पुन्हां नेम धरीपर्यंत जनावर गेलेलें असतें. सरळ ओढींत हात नळीच्याच रेषेंत मागेंपुढें होतो; गाल दस्त्यावरच राहूं शकतो आणि नजर जनावरावरून ढळत नाहीं. खरा लाभ आहे तो या स्थिर नजरेचा. वेळाची बचत त्याच्या मागून येते.

आतां अडचण कोठें आहे ती पाहिली पाहिजे. काडतूस म्हणजे एक पितळी पुंगळी. तिच्या तोंडाशीं गोळी बसविलेली, पोटांत दारू आणि बुडाच्या मध्यावर ठिणगी पाडणारी लहानशी टोपी. चाप ओढला कीं बोल्टाच्या पोटांतील सळई त्या टोपीवर ठोका देते, दारू पेटते, तिचा वायु होतो, आणि तो वायु सर्व दिशांना सारख्याच जोरानें रेटूं लागतो. त्यानें गोळी पुढें जाते. पण तसाच रेटा पुंगळीच्या बुडालाहि मागें बसतो. अमेरिकेंत १९०६ सालीं निघालेलें तीस-शून्य-सहा नांवाचें काडतूस शिकारींत आजहि फार चालतें. त्यांतील वायूचा दाब दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत चढूं शकतो. पुंगळीच्या पोटांतील बुडाचें क्षेत्रफळ चौरस इंचाच्या आठव्या हिश्श्याएवढेंच असतें, तरीहि हिशेब केला तर बोल्टाच्या तोंडावर सुमारें साडेतीन टनांचा धक्का येतो. पुंगळी फुगून नळीच्या भिंतींना चिकटते म्हणून त्यांतला कांहीं भार वांटला जातो. पण यंत्रकाराला मात्र सर्वच्या सर्व भार बोल्टावर येणार असें धरून चालावें लागतें. आणि एवढा भार ज्यानें अडवावयाचा तो बोल्ट शिकाऱ्याच्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो.

नेहमींच्या रायफलींत हा भार अडविण्याची व्यवस्था शिकाऱ्याच्या मनगटाकडे आहे. मूठ फिरविण्यानें एकूण तीन कामें होतात. पहिलें काम कुलपाचें. बोल्टाच्या डोक्याला दोन बाजूंस दोन पोलादी कान असतात. मूठ खालीं दाबली कीं ते फिरून चौकटींतील खोबणींत अडकतात आणि धक्का आपल्या अंगावर घेतात. दुसरें काम पुंगळी सैल करण्याचें. बार झाल्यावर मूठ वर उचलतांना बोल्ट एका तिरप्या कडेवरून किंचित् मागें सरकतो. त्या सरकण्यांत अंतर थोडें पण जोर फार असतो, आणि चिकटलेली पुंगळी पहारीनें दगड हलवावा तशी आपल्या जागेवरून हलते. तिसरें काम सळईची स्प्रिंग दाबून पुढच्या ठोक्याची तयारी करण्याचें. बहुतेक रायफलींत हेंहि मूठ उचलतांनाच उरकतें. जर्मनीच्या पाउल माउझरची १८९८ सालची रायफल हा या पद्धतीचा कळस समजतात. तिच्यांत पुढच्या दोन कानांच्या जोडीला मागें एक तिसरा राखीव कान ठेविलेला आहे, आणि पुंगळी फुटलीच तर वायु डोळ्यांकडे न येतां बाजूनें निघून जावा म्हणून बोल्टाला भोकेंहि पाडलेलीं आहेत.

सरळ ओढीच्या रायफलींत मनगट वळत नाहीं. तेव्हां मनगटाचीं हीं तिन्ही कामें कोणी करावयाचीं, हाच सगळा प्रश्न आहे. काम टळत नाहीं. तें हातावरून उतरून पोलादावर येतें. या प्रश्नाला मुख्यतः दोन उत्तरें मिळालीं. एक पाचरीचें आणि दुसरें मळसूत्राचें.

पाचरीचें उत्तर प्रथम आलें. फर्डिनांड फॉन मान्लिखर हा ऑस्ट्रियांतील रेल्वेचा अभियंता होता. त्याचा जन्म १८४८ चा. १८७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें भरलेलें मोठें प्रदर्शन पाहून तो परत आला आणि रायफलींच्या रचनेकडे वळला, असें सांगतात. त्याची १८८६ ची रायफल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यानें स्वीकारली. तिच्या बोल्टाखालीं एक पोलादी पाचर लोंबती ठेविलेली होती. मूठ पुढें ढकलली कीं पाचर खालीं पडून चौकटीच्या खांद्याला टेकत असे. मूठ ओढली कीं ती प्रथम वर उचलली जाई आणि मग बोल्ट मागें येई. दाराच्या मागें टेकण लावावें तसा हा प्रकार होता. ही रायफल काळ्या दारूची होती. तिचा दाब बेताचा, म्हणून तें टेकण पुरलें. पण त्याच सुमारास फ्रान्समध्यें बिनधुराची दारू निघाली, दाब भराभर चढले, आणि एकाच बाजूनें आधार देणारी पाचर अपुरी वाटूं लागली.

तेव्हां मान्लिखरनें दुसरी वाट धरली. मळसूत्राचें तत्त्व समजण्यास सुताराच्या हत्यारांतील एक प्रकार आठवावा. पिळाच्या गजाचें एक हातगिरमिट असतें. त्याची मूठ सरळ खालीं दाबली कीं टोंक गरगर फिरतें आणि मूठ वर घेतली कीं उलट फिरतें. हात फिरत नाहीं, तरी गज फिरतो, कारण मुठीच्या आंतील दाता गजावरच्या पिळांतून जातांना त्याला वळवितो. मान्लिखरनें बोल्टाचे दोन भाग केले. बाहेरचें पोकळ नळकांडें मुठीबरोबर सरळ सरकणारें. त्याच्या आंत बोल्टाचें डोकें आपल्या लांब शेपटासह बसविलेलें. नळकांड्याच्या आंतल्या अंगास तिरप्या कडा आणि शेपटावर त्यांना जुळणाऱ्या तिरप्या खाचा. मूठ पुढें जातां जातां डोकें नळीशीं टेकून थांबतें. नळकांडें आणखी थोडें पुढें सरकतें, आणि त्या सरकण्यानें डोकें आपल्याभोंवतीं फिरून त्याचे दोन कान खोबणींत अडकतात. मागें ओढतांना हाच क्रम उलटा होतो. आधीं डोकें फिरून सुटतें आणि मगच सगळा बोल्ट मागें येतो. या रचनेची १८९५ ची मान्लिखर रायफल श्टायर व बुडापेस्ट येथील कारखान्यांत तीस लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली. पांच काडतुसें एका लोखंडी क्लिपेसह वरून आंत घालावयाचीं आणि शेवटचें काडतूस नळींत गेलें कीं रिकामी क्लिप खालच्या भोकांतून गळून पडावयाची, अशीहि तिची सोय होती. महायुद्धें संपल्यावर यांतल्या कित्येक रायफली शिकाऱ्यांच्या हातीं गेल्या.

या रायफलीनें कुलपाचें काम उत्तम केलें. दुसऱ्या कामांत मात्र ती उणी पडली. पुंगळी सैल करण्यास जी मोठी तरफ लागते ती तिच्यांत जवळजवळ नव्हती. काडतूस स्वच्छ आणि नळी थंड असेपर्यंत मूठ सहज येई. पण धूळ, ओल किंवा उष्णता यांनीं पुंगळी घट्ट झाली म्हणजे नुसत्या हाताच्या हिसक्यावर भिस्त ठेवावी लागे.

स्वित्झर्लंडनें याच मळसूत्राला वेगळें वळण दिलें. रूडॉल्फ श्मिट यानें रायफल आखली आणि एडुआर्ड रूबिन यानें तिचें काडतूस. या दोघांच्या नांवानें ती १८८९ पासून ओळखली जाते. तिच्या बोल्टाच्या उजव्या अंगाला एक स्वतंत्र दांडी आहे. मूठ त्या दांडीला जोडलेली. दांडीचा एक खुंटा बोल्टाच्या नळकांड्यावरील वळणदार खाचेंत खेळतो. दांडी ओढली कीं खुंटा प्रथम खाचेच्या तिरप्या भागांतून जातो व नळकांडें फिरवून कुलूप सोडतो. नंतर तो खाचेच्या टोंकाला भिडतो आणि सगळा बोल्ट ओढून आणतो. घड्याळें करणाऱ्या देशाला शोभेल अशीच ही रचना आहे. पण आरंभीं तिच्यांतहि एक दोष होता. कुलपाचे कान बोल्टाच्या पुष्कळ मागच्या भागीं होते. त्यामुळें पुंगळीच्या बुडापासून कानांपर्यंतचा सगळा लांब दांडा धक्क्याखालीं दबत असे. स्विस कारागिरांनीं हा दोष टप्प्याटप्प्यानें काढून टाकला. १९३१ सालीं सैन्यानें स्वीकारलेल्या आंखूड रायफलींत कान थेट काडतुसाच्या घरामागें आणून ठेविले, बोल्ट आंखूड केला आणि त्यांतून वांचलेली लांबी नळीला दिली. ही रायफल १९५८ पर्यंत पांच लाखांहून अधिक संख्येनें बनली. अचूकपणाबद्दल तिची ख्याति आजहि आहे, आणि नेमबाजी व शिकार या दोन्ही कामांसाठीं लोक ती अजून वापरतात. एक मोठी सुधारणा करून मोकळें होण्याऐवजीं बेचाळीस वर्षें तोच दोष पुन्हां पुन्हां तपासला, याचें हें फळ होय.

अमेरिकेंतहि एक प्रयोग झाला. जेम्स पॅरिस ली याची सरळ ओढीची रायफल तेथील आरमारानें १८९५ सालीं घेतली. तिच्यांत बोल्ट मागें ओढतांना एका पाचरीवरून तिरका वर चढत असे. तिची शिकारी आवृत्तीहि विक्रीस निघाली, परंतु ती फारशी खपली नाहीं.

यापुढची कथा कॅनडाची आहे. सर चार्ल्स रॉस हा स्कॉटलंडमधील मोठा जमीनदार. शिकारीचा नाद आणि यंत्रांचा छंद या दोन्ही गोष्टी त्याच्या ठिकाणीं एकत्र आल्या होत्या. बोअर युद्धाच्या वेळीं कॅनडाला ब्रिटनकडून पुरेशा रायफली मिळण्यास अडचण पडली, तेव्हां आपल्याच देशांत त्या बनवाव्या असें तेथील सरकारनें ठरविलें, आणि रॉसनें क्वेबेक शहरीं कारखाना काढला. त्याची सरळ ओढीची रायफल मान्लिखरच्याच मळसूत्री तत्त्वावर होती. १९१० च्या नमुन्यांत त्यानें डोक्यावरील साध्या कानांच्या जागीं तोफेच्या कुलपांत असतात तसे तुटक आटे दिले, आणि त्यामुळें तिचें कुलूप अतिशय बळकट झालें. शिकारी रायफल म्हणून तिची कीर्ति लवकरच पसरली. रॉसनें तिच्यासाठीं दोन-ऐंशी नांवाचें एक काडतूसहि आणलें होतें. त्याची गोळी सेकंदाला सुमारें ३,००० फूट वेगानें निघे, आणि त्या काळीं हा वेग नवलाचा होता. लक्ष्यावरील नेमबाजींतहि या रायफलीनें मोठमोठीं बक्षिसें मिळविलीं.

अशी ही गुणी रायफल १९१५ च्या एप्रिलमध्यें बेल्जममधील ईप्र शहराजवळ कॅनडाच्या सैनिकांच्या हातीं होती. जर्मनांनीं २२ एप्रिल रोजीं विषारी वायु सोडला आणि त्यापुढील दिवसांत घनघोर लढाई झाली. खंदकांत चिखल, एकामागून एक बार, तापलेली नळी, आणि कॅनडाबाहेर तयार झालेलीं, आकारानें किंचित् ढिलीं काडतुसें. रॉसच्या काडतुसाचें घर मात्र नेमबाजीला योग्य असें तंग कोरलेलें होतें. पुंगळ्या आंत रुतून बसूं लागल्या. नेहमींच्या बोल्टाची मूठ उचलतांना जी तरफ मिळते ती येथें नव्हती. सैनिकांनीं हातानें ओढलें, मग बुटाच्या टाचेनें लाथा घातल्या, खोऱ्यांनीं ठोकलें. त्यांतच आणखी एक दोष उघड झाला. बोल्ट जोरानें मागें ओढला कीं शेवटचा आटा एका लहानशा अडणीवर आदळत असे. वारंवार आदळून त्याची कड दबे, आणि दबलेला आटा पुढें खोबणींत नीट शिरत नसे. शत्रु समोर असतांना हातांतील रायफल उघडत नाहीं, यासारखा प्रसंग नाहीं. त्या लढाईंतून वांचलेल्या ५,००० कॅनेडियन सैनिकांपैकीं १,४५२ जणांनीं आपली रॉस टाकून देऊन पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड रायफली उचलल्या होत्या. ली-एनफील्डचा बोल्ट जुन्याच पद्धतीचा, मनगट फिरवून चालणारा होता. काडतुसाचें घर थोडें मोठें करून पाहण्यांत आलें. पण विश्वास उडाला तो उडालाच. १९१६ च्या उत्तरार्धापर्यंत कॅनडाच्या पलटणींतून रॉस रायफल काढून घेण्यांत आली. एकेक गोळी सावकाश व अचूक मारणाऱ्या निवडक नेमबाजांनीं मात्र ती मोठ्या प्रेमानें जवळ ठेविली.

चिखलाचा हा दोष शिकाऱ्याला फारसा भेडसावणारा नव्हता. त्याच्यासाठीं खरें भय दुसरेंच होतें. १९१० च्या रॉसचा बोल्ट साफ करण्यास बाहेर काढून सुटा केला आणि पुन्हां जोडतांना डोकें चुकीच्या फेऱ्यांत बसलें, तरी तो रायफलींत जात असे. मूठ पुढें ढकलली तर बोल्ट सरळ पुढें जाई आणि बंद झालेला दिसे. पण डोकें फिरलेलें नसे, आटे खोबणींत अडकलेले नसत. चाप ओढला तर सळई ठोका देई आणि बार होई. दार लागलेलें दिसावें पण कडी पडलेली नसावी, तोच हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें दाराला बसणारा हादरा टनांचा होता आणि दाराच्या मागें माणसाचें तोंड होतें. यामुळें अपघात झाले. पुढें पुष्कळ रायफलींत बोल्टाला एक लहानशी खीळ मारून चुकीची जोडणी अशक्य करण्यांत आली. जी खीळ पैशाअडक्यांत बसते ती आरंभींच मारली असती तर त्या रायफलीचें नांव कदाचित् वेगळ्या रीतीनें घेतलें गेलें असतें. १९१७ सालीं सरकारनें रॉसचा कारखाना आपल्या ताब्यांत घेतला.

या अनुभवानंतर बरींच वर्षें शिकाऱ्यांनीं माउझरच्या पद्धतीलाच पसंति दिली. सरळ ओढीचें पुनरागमन झालें तें शतकाच्या अखेरीस, आणि त्याला दोन कारणें घडलीं. एक कारण कायद्याचें. बारानंतर आपोआप काडतूस भरणाऱ्या रायफलींवर अनेक देशांनीं बंधनें घातलीं. ब्रिटनमध्यें १९८८ च्या कायद्यानें त्यांपैकीं बहुतेक रायफली बंद झाल्या. जर्मनींत शिकारीसाठीं अशा रायफलींत एकूण तीनच काडतुसें भरतां येतात. सरळ ओढीच्या रायफलींत प्रत्येक काडतूस हातानें भरावें लागतें, म्हणून ती या बंधनांत सांपडत नाहीं, आणि वेगांत तिच्या बरीच जवळ जाते. दुसरें कारण यंत्रविद्येचें. पूर्वीं कुशल कारागिराच्या हातीं महिनोन् महिने चालणारें कोरीव काम आतां यंत्रें केसाएवढ्या अचूकपणानें करूं लागलीं.

जर्मनींत इस्नी येथील ब्लाझर कारखान्यानें १९९३ सालीं आर-९३ नांवाची शिकारी रायफल काढली. तिच्यांत पाचर नाहीं आणि फिरणारे कानहि नाहींत. बोल्टाच्या डोक्याभोंवतीं लवचिक पोलादी बोटांचें एक कडें आहे. बोल्ट पुढें आला कीं, छत्री उघडल्यावर काड्या पसराव्या तशीं तीं बोटें सर्व बाजूंनीं पसरतात आणि नळीच्याच आंत कोरलेल्या गोल खाचेंत जाऊन बसतात. मूठ ओढली कीं ती प्रथम थोडी मागें कलते, बोटांमागचा आधार निघतो, बोटें मिटतात आणि बोल्ट मोकळा होतो. यांत एक मोठा विचार आहे. कुलूप थेट नळीलाच लागल्यामुळें धक्क्याचा भार नळी व बोल्ट यांच्यांतच मिटतो. चौकटीवर तो येत नाहीं. म्हणून चौकट हलक्या ॲल्युमिनियमची करतां येते, आणि दोन स्क्रू सैल करून एक नळी काढून दुसऱ्या मापाची बसवितां येते. तिसरें काम, म्हणजे स्प्रिंग दाबण्याचें, या रायफलींत बोल्टाकडे ठेविलेलेंच नाहीं. दस्त्याच्या मानेवर आंगठ्यानें पुढें सारावयाची एक कळ आहे. शिकारी गोळी झाडण्यापूर्वीं ती सारतो तेव्हांच स्प्रिंग ताणली जाते. त्यामुळें बोल्टाची ओढ हलकी राहते, आणि काडतूस भरलेली रायफल खांद्यावर असतांनाहि सळईच्या मागें जोर नसतो. २००८ मध्यें याच घराण्यांतील आर-८ ही पुढची रायफल आली.

इतर कारखान्यांनीं आपापलीं उत्तरें शोधलीं. झूल येथील मेर्केलनें २०१० मध्यें काढलेल्या हेलिक्स रायफलींत पुन्हां फिरणारें डोकें आलें. त्याला सात कान आहेत, आणि बोल्ट बंद चौकटीच्या आंतच सरकतो. मुठीच्या ओढीला दंतचक्राची जोड दिल्यानें हात थोडा सरकला तरी बोल्ट अधिक सरकतो. अमेरिकेंत सॅव्हेज कारखान्याच्या २०२१ च्या इम्पल्स रायफलींत सायकलच्या चाकांत असतात तसे पोलादी छर्रे वापरले आहेत. असे सहा छर्रे बाहेर ढकलले जाऊन खाचेंत बसतात आणि बोल्टाला अडवितात. बर्फावर घसरत जाऊन मधूनमधून पांच-पांच गोळ्यांनीं लक्ष्य टिपण्याचा बायॅथलॉन नांवाचा खेळ आहे, त्यांत तर सरळ ओढीच्या रायफली सर्वत्र दिसतात. १९७८ पासून तो खेळ लहान बावीस मापाच्या काडतुसानें खेळतात. त्याचा धक्का बेताचा असल्यामुळें कुलूपहि हलकें चालतें आणि खेळाडू बोट व आंगठा यांनींच बोल्ट मागेंपुढें करतात.

तथापि सोय फुकट मिळत नाहीं. सरळ ओढीच्या बोल्टांत जोडांची संख्या अधिक असते. प्रत्येक जोडांत तेल गोठूं शकतें, धूळ किंवा झाडाचा बारीक कचरा अडकूं शकतो. किंमतहि साध्या बोल्टापेक्षां बहुधा पुष्कळच अधिक पडते. दारू स्वतःच्या हातानें भरून काडतुसें करणाऱ्या शिकाऱ्यानें तर विशेष जपावें लागतें, कारण मापाबाहेरची पुंगळी साध्या बोल्टांत मनगटाच्या जोरावर बसते व निघते, पण येथें ती रुतली कीं हात टेकावे लागतात. रॉसच्या काळचा हा धडा शिळा झालेला नाहीं.

म्हणून अशी रायफल निवडणाऱ्यानें तिच्या चकचकीत पोलादाकडे पाहण्याआधीं तिला तीन प्रश्न विचारावे. हे तीन प्रश्न मनगटाच्या त्या तीन कामांतूनच निघतात. पहिला प्रश्न कुलपाचा: धक्का कोठें अडतो, काडतुसाच्या अगदीं जवळ कीं पुष्कळ मागें, आणि एका बाजूनें अडतो कीं सर्व बाजूंनीं? दुसरा प्रश्न रुतलेल्या पुंगळीचा: ती सैल करण्यास हाताच्या हिसक्यापलीकडे कांहीं तरफ दिलेली आहे काय? तिसरा प्रश्न ठोक्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा: कुलूप पुरतें लागलें नसतांना, किंवा बोल्टाची जोडणी चुकली असतांना, सळईला ठोका देतां येतो काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें थोडीं उणीं असलीं तरी शिकार हातची जाईल, इतकेंच. तिसऱ्याचें उत्तर ‘होय’ असेल तर ती रायफल कितीहि वेगवान् असली तरी खुंटीवरच राहूं द्यावी. साध्या बोल्टाच्या मुठीला हात लावला कीं ती खालीं पडली आहे कीं नाहीं हें शिकाऱ्याला अंधारांतहि कळतें; सरळ ओढीच्या रायफलींत ती खूण उरत नाहीं, आणि तिची जागा यंत्राच्या रचनेनेंच भरून काढावी लागते.